उचकीचा उगम

पाच वर्षं झाली, तबकडीकाकांच्या बायकोने काकांशी एक अक्षर काढलं नव्हतं. जे काही सांगायचं ते शिवणाच्या मशीनला.

"भाजीत मीठ जास्त पडलंय," काकू मशीनचं चाक फिरवत म्हणायच्या. "ज्याला खायचं त्यानं खावं, नाहीतर पाणी पिऊन झोपावं." आणि दारात ताट घेऊन उभे असलेले काका मुकाट्याने खायचे, वर पाणीही प्यायचे. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. या घरातली लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली होती, त्यामुळे लेकीचं काम मशीनकडे आलं होतं आणि सुनेचं काकांकडे. एकदा काकांनीही धीर करून मशीनलाच उत्तर देऊन पाहिलं. काकूंनी मशीनवर कव्हर घातलं आणि निघून गेल्या.

आता हे मशीनही जाणार होतं. रविवारी काकांचा मोठा सत्कार, आणि सोमवारी सकाळी दहाला टेम्पो. "तुझी आणि माझी व्यवस्था पोरीकडे झालीय," असं काकूंनी मशीनला आठवड्यापूर्वी सांगितलं, तेव्हा काका दुसरा मोजा शोधत होते. ते एका पायात मोजा घालून तसेच पलंगावर बसून राहिले. बायको बोलत नाही, हे एक वेळ ठीक. पण ती मशीनशी बोलायची तेही ऐकू येणार नाही, हे काही त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

एवढं बिनसलं कशावरून? चड्डीवरून. हसू नका, सगळं नीट सांगतो.

तीस वर्षांपूर्वी काका सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी तीन ते सहा तबकड्या लावायचे. एका टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, दोन बाजूंना दोन कपाटाएवढे स्पीकर, आणि समोर जोडीजोडीनं नाचणारी मंडळी. कुणी पोस्टातले, कुणी दवाखान्यातली नर्स, कुणी चष्म्याच्या दुकानातला. आठवडाभर खुर्चीत बसून आखडलेली माणसं रविवारी तिथे येऊन मोकळी व्हायची. काकू कोपऱ्यात स्टुलावर शिवणाचा पत्र्याचा डबा घेऊन बसायच्या, कारण नाचता नाचता कुणाची तरी शिवण उसवायचीच. गिरकी घेतली की टर्रकन आवाज, आणि पुढच्या मिनिटाला काकूंसमोर एक जण पाठमोरा उभा.

अशाच एका रविवारी, सव्वातीन वाजता, ऐन रंगात, रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा तुटला. मोटर फिरते, ती पट्ट्यानं थाळीला फिरवते, थाळीवर तबकडी. पट्टाच नाही म्हटल्यावर गाणं ओंऽऽ करत खाली बसलं आणि नाचणारे एक पाय हवेत ठेवून काकांकडे बघायला लागले. दुकानं बंद. काकांना दरदरून घाम फुटला. काकू डबा घेऊन टेबलामागे आल्या, मापाच्या फितीनं थाळीचा घेर मोजला, डब्यातलं बारीक इलॅस्टिक लावून बघितलं. ते सटासट घसरायला लागलं.

"रुंद हवं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं शिंपी गिऱ्हाइकाकडे पाहतो. "अहो, आत जा. चड्डी काढून द्या."

"काय?"

"तिचं इलॅस्टिक बरोबर बसेल. माणसं खोळंबलीत. जा."

काका पडद्यामागे गेले आणि कागदात गुंडाळून आणून दिली. काकूंनी कमरेचं इलॅस्टिक उसवलं, मापानं कापलं, टोकाला टोक जोडून शिवलं. सात मिनिटांत पट्टा तयार. दुरून काय आहे ते कळू नये म्हणून काकांनी त्याला बुटाचं काळं पॉलिश फासलं आणि सुई तबकडीवर ठेवली.

गाणं सुरू झालं. छान चाललं होतं, आणि मग एकदम, ऊक्. जिथे शिवण होती तो उंचवटा मोटरच्या चाकावरून गेला की गाण्याला उचकी लागायची. दोन सेकंद बरं चाले, परत ऊक्. आणि गंमत म्हणजे ती उचकी तालात येत नव्हती. कधी ठेक्याच्या जरा आधी, कधी जरा नंतर. नाचणारे पहिल्यांदा वैतागले. एक जण दुसऱ्याच्या बायकोच्या पायावर पडला. पण चष्म्याच्या दुकानातला होता ना, त्यानं उचकी आली तशी गुडघ्यात एक झोका घेतला, आणि त्याच्या बायकोला ते इतकं आवडलं की ती ओरडलीच, "अय्या, परत!" दहा मिनिटांत सगळा हॉल कान टवकारून उचकीची वाट बघत नाचत होता. ती कधी येईल सांगता येत नाही, आणि आली की सगळे एकदम झोका घेतात. माणसं घामाघूम झाली, पोट धरधरून हसली, सहा वाजले तरी घरी जाईनात.

काका मात्र त्या दिवशी टेबलामागे गुडघ्याला गुडघा लावून, एक हात कमरेवर घट्ट दाबून, गंभीर चेहऱ्यानं पुतळ्यासारखे उभे होते. कारण उघड आहे. पँट ढगळ होती आणि खाली काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नवा रबरी पट्टा आला. काकांनी तो लावला, गाणं लोण्यासारखं गुळगुळीत वाजलं, आणि सगळा हॉल भिंतीला टेकून बसला. "ती उचकी लावा की हो!" पोस्टातला म्हणाला. झक मारत काकांनी परत चड्डी लावली.

तिथून ही गोष्ट सुटली ती सुटलीच. कुणीतरी कॅसेट भरून शेजारच्या गावी नेली. तिथल्या बँडवाल्यांना वाटलं हे असंच वाजवायचं असतं, म्हणून ड्रमवाल्यानं सहा महिने मेहनत करून हातानं उचकी बसवली. मग संगणक आले आणि पोरांनी उचकी एकदम मापात, दर चौथ्या ठोक्याला पक्की केली. त्यावरून जुन्या मंडळींनी रान उठवलं. म्हणे, जी ठरलेल्या वेळी येते ती उचकी कसली, तो तर पोस्टमन! झाले दोन तट. बेभरवशाची ती ओली उचकी आणि मापातली ती कोरडी उचकी. एकदा ओल्यांनी कोरड्यांच्या कार्यक्रमात जाऊन सगळ्यांना पाण्याचे पेले वाटले, त्यावरून खुर्च्या उडाल्या. नंतर जोडउचकी आली, मुकी उचकी आली. मुक्या उचकीवाल्यांनी तर गाणंच काढून टाकलं, अर्धा तास नुसती शांतता आणि मधूनच ऊक्. तिथे लोक डोळे मिटून बसायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, काय सुंदर नाचलो.

आणि या सगळ्या पंथांत एक गोष्ट सारखी होती. उचकी वाजवणारा जो कोणी असेल तो गुडघ्याला गुडघा लावून, डावा हात कमरेवर दाबून, गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचा. मूळ पुरुष असाच उभा होता म्हणे. वीस वीस वर्षांची पोरं, चांगली ऐसपैस उभी राहू शकतील अशी, तास तास पाय जुळवून उभी. काकांना ते बघून कसंनुसं व्हायचं, पण बोलणार काय?

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो पाच वर्षांपूर्वी, रेडिओवर. मुलाखत थेट चालू होती. अख्खी इमारत ऐकत होती, काकांच्या सासूबाई ऐकत होत्या. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "काका, ही उचकी तुम्हाला सुचली कशी?"

चड्डी हा शब्द काकांच्या ओठावर आला होता. देवाशपथ आला होता. पण सासूबाई डोळ्यांपुढे आल्या आणि तो परत गिळला गेला. मग त्यांच्या तोंडून निघालं, "बघा, माणसाच्या श्वासात एक अडखळणं असतं. त्याचा मी सहा महिने विचार करत होतो." निवेदिका "वा!" म्हणाली. वा म्हटल्यावर माणूस थांबतोय थोडाच! पट्टा खास बनवून घेतला होता म्हणाले, उभं राहणं ही साधना होती म्हणाले. शेवटी तिने विचारलं, "घरून काही मदत?" तर काका काय म्हणाले? "छे हो. मंडळी शिवणकाम करतात. घरात कुणाला यातलं काही कळत नाही."

काकू तेव्हा एका कोटाची बाही आत घेत होत्या. तोंडात सहा टाचण्या. त्यांनी एकेक टाचणी काढून उशीला खोचली, रेडिओ बंद केला आणि मशीनला म्हणाल्या, "ऐकलंस ना? आपल्याला काही कळत नाही."

काकांनी घरी येताक्षणी माफी मागितली. काकू तेव्हा भांडी घासत होत्या. त्या ओल्या हातांनीच मशीनकडे गेल्या आणि म्हणाल्या, "चूक करायची रेडिओवर आणि माफी मागायची मोरीत, असं कुठं असतं का?" ते मशीनशी त्यांचं शेवटचं लांब वाक्य. नंतर, टेम्पोची गोष्ट निघेपर्यंत, मीठ, दूध आणि इस्त्री एवढंच.

रेडिओवर जाऊन खरं सांगायचं म्हणून काका तीनदा घरातून निघाले आणि तीनदा कोपऱ्यावरून परत आले. कारण त्यांच्या थापेला एव्हाना नाचणारे पाय फुटले होते. एका अभ्यासक बाईंनी श्वासातल्या अडखळण्यावर चारशे पानी प्रबंध लिहिला होता. प्रस्तावनेत काकांचे आभार होते. आता त्या बाईंना सांगायचं, की बाई, ती माझी चड्डी?

सत्काराच्या रविवारी लेक त्यांना न्यायला आली. काकू पुढे, हातात तोच पत्र्याचा डबा. डब्याशिवाय त्या घराबाहेर पडतच नसत. लेकीनं काकांना जिन्यात गाठलं.

"बाबा, मी पाच वर्षं तुमचं टेलिफोन एक्स्चेंज चालवतेय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आईला विचार, बाबांना सांग. मला माझा संसार आहे की नाही? उद्या टेम्पो येणार म्हणजे येणार. आज काय ते करा, नाहीतर नंतर माझ्याकडे रडत येऊ नका."

"अगं, पण सगळ्यांसमोर?"

"रेडिओवर काय दोघंच होता का?"

तोच सायकलच्या दुकानावरचा हॉल. तीनशे माणसं. भिंतीला "उचकीची तीस वर्षं" असा फलक. स्टेजवर तो जुना रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्या बाजूला काचेच्या पेटीत, मखमलीवर, दिव्याखाली ठेवलेला मूळ पट्टा. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसल्या का काय, ते काकांना दिसलं नाही.

अभ्यासक बाईंनी पडद्यावर पट्ट्याचं मोठं केलेलं चित्र दाखवलं. "इथे दोन उंचवटे आहेत," त्या छडीनं दाखवत म्हणाल्या. "एक नाही, दोन! म्हणूनच मूळ उचकी आजवर कुणाला हुबेहूब साधली नाही. पहिला उंचवटा म्हणजे व्यक्ती. दुसरा म्हणजे समाज. आता स्वतः काकाच आपल्याला उगमाची कहाणी सांगतील." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे तरुण उचकीवाल्यांची रांग होती. ती सगळी उभी राहिली. गुडघ्याला गुडघा. हात कमरेवर.

काकांनी माईक हातात घेतला. समोर काकू पेटीकडे बघत होत्या, त्यांच्याकडे नाही. उद्या दहा वाजता मशीन जाणार, आणि त्या खोलीत फक्त मशीनच्या चार पायांच्या खुणा राहणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"ही माझी चड्डी आहे," काका म्हणाले.

त्यांनी काचेच्या पेटीकडे बोट केलं.

"ते पेटीत आहे ना, ते. माझ्या चड्डीचं इलॅस्टिक आहे. पट्टा तुटला, मला काही सुचेना. बायकोनं माप घेतलं, चड्डी मागितली, सात मिनिटांत शिवून दिली. उचकी तिच्या शिवणीची आहे. मी श्वासाचा विचार वगैरे काही केलेला नाही. मी त्या दिवशी एकच विचार करत होतो, की पँट खाली येऊ नये. म्हणून तसा उभा होतो." ते काकूंकडे वळले. "रेडिओवर मी म्हणालो, घरात कुणाला काही कळत नाही. मलाच काही कळत नव्हतं. तीस वर्षं मी तिच्या शिवणीवर सत्कार घेतोय."

मग मागून चष्म्याच्या दुकानातल्याची बायको, आता सत्तरीची झालेली, खणखणीत आवाजात म्हणाली, "तरीच! मी म्हणत होते, हा मेला असा पाय जुळवून का उभा!" आणि हॉल हशानं असा फुटला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पुढच्या रांगेतल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हळूच, एकेक करून, पाय मोकळे केले. एकानं तर हुश्श केलं.

अभ्यासक बाईंच्या हातातून छडी पडली. पण बाई हाडाच्या अभ्यासक. त्या तरातरा खाली उतरल्या आणि काकूंसमोर माईक धरला. "मग ते दोन उंचवटे? दोन का?"

"दोरा मध्येच संपला," काकू म्हणाल्या. "दुसरा घ्यावा लागला. म्हणून दोनदा गाठ मारलीय."

बाईंनी ते लिहून घेतलं. मनातल्या मनात त्यांनी चारशे पानं फाडली असतील, पण लिहून घेतलं. "आणखी काही सांगाल?"

"चड्डी नवी होती," काकू म्हणाल्या. "तेवढं लिहा. जुनीचं इलॅस्टिक मी लावलं नसतं."

काका स्टेजवरून बघत होते. बोलल्या खऱ्या, पण बाईंशी बोलल्या. माईकशी बोलल्या. त्यांच्याकडे मान वळवली नाही. लेकीनं दुरूनच खांदे उडवले. म्हणजे सगळं सांगून झालं, अब्रू चव्हाट्यावर टांगून झाली, आणि तरीही टेम्पो येणारच तर! काकांना वाटलं, इथेच खाली बसावं आणि रडावं.

पण कार्यक्रमपत्रिकेत पुढे मूळ पट्ट्यावर मूळ तबकडी वाजवून दाखवायची होती. मंडळी खुर्च्या सरकवून नाचायला उभी राहिली. संयोजकांनी पांढरे हातमोजे घालून पट्टा काढला, चढवला, बटण दाबलं. तीस वर्षांचं इलॅस्टिक ते, किती तग धरणार? थाळी अर्धा फेरा फिरली आणि फटकन आवाज आला. पट्टा उडून संयोजकाच्या चष्म्यावर बसला. गाणं ओंऽऽ करत खाली गेलं. तीनशे माणसं, सगळ्यांचा एक पाय हवेत.

कुणाला काय करावं कळेना. ओले कोरड्यांकडे बघायला लागले, कोरडे मुक्यांकडे. काकू उठल्या. डबा घेऊन पायऱ्या चढल्या. पट्ट्याचा तुकडा ओढून पाहिला आणि बाजूला टाकला. फीत काढून थाळीचा घेर मोजला. माप तेच होतं.

लेक मागोमाग धावत आली. "आई, डब्यात रुंद इलॅस्टिकचं अख्खं नवं बंडल आहे की! कालच तर—"

"तू गप बस," काकू म्हणाल्या.

मग त्या वळल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याकडे सरळ पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"अहो," त्या म्हणाल्या, "आत जा. काढून द्या."

काकांनी तो "अहो" ऐकला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते पडद्याकडे पळतच निघाले, वाटेत स्पीकरला धडकले, स्पीकरला सॉरी म्हणाले. दोन मिनिटांनी कागदात गुंडाळलेली पुडी घेऊन परत आले आणि टेबलामागे उभे राहिले. गुडघ्याला गुडघा लावून, एक हात कमरेवर. हॉलमध्ये शिट्ट्यांचा पाऊस पडला.

काकू स्टुलावर बसून शिवत होत्या. एक गाठ मारली. दोऱ्याचं रीळ चांगलं जाडजूड होतं, तरी त्यांनी दोरा दातानं तोडला, नवा ओवला आणि दुसरी गाठ मारली.

"अहो," त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्या टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा."

"आत्ता करतो!" काका खिशाकडे हात नेत म्हणाले.

"आत्ता नको, आधी हात कमरेवर ठेवा," काकू म्हणाल्या. "सगळे बघतायत."